नवं दशक नक्की कधी सुरू झालं? आणि सातारा-सांगलीनं ते हळहळत का सुरू करू नये

२०२० संपलं त्या रात्री मोबाईलवर आलेल्या मेसेजपैकी निम्मे तरी एकाच अर्थाचे असतील. '२०२० डिलीट झालं', '२०२० अनइन्स्टॉल करून २०२१ इन्स्टॉल करा', 'हे वर्ष वयात धरू नका'. विनोद म्हणून ठीक आहे. पण या मेसेजच्या गर्दीत एक प्रश्न मागे राहिला, आणि तो आदल्या वर्षीही त्याच दिवशी विचारला गेला होता. नवं दशक १ जानेवारी २०२० ला सुरू झालं की १ जानेवारी २०२१ ला?

२०२० च्या सुरुवातीला बहुतेकांनी 'नव्या दशकाचं स्वागत' केलं. स्टेटस ठेवले, दशकभराचे फोटो टाकले, संकल्प सोडले. तीन महिन्यांत टाळेबंदी आली. ज्यांना ते दशक रद्द करून पुन्हा सुरू करायचं होतं, त्यांच्यासाठी आनंदाची बातमी होती. काटेकोर मोजणीनुसार नवं दशक १ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालं.

हा घोळ कशामुळे?

इसवी सन मोजण्याची पद्धत सहाव्या शतकात डायोनिसियस एक्झिगस नावाच्या भिक्षूनं घालून दिली. त्याच्याकडे रोमन आकडे होते आणि त्या आकड्यांत शून्य नाही. त्यामुळे इसवी सनात शून्य साल नाही. इसवी सनपूर्व १ संपलं की थेट इसवी सन १ लागतं. पहिलं दशक १ ते १० असं झालं, म्हणून २०२ वं दशक २०११ ते २०२० आणि २०३ वं २०२१ ते २०३०. एकविसावं शतक २००० मध्ये सुरू झालं की २००१ मध्ये, हा वाद आठवत असेल, तर त्याचंही मूळ इथंच आहे.

पण 'ऐंशीचं दशक' म्हणताना आपण १९८० ते १९८९ धरतो, आणि तेही चूक नाही. ती आकड्यांच्या दिसण्यावरून केलेली मोजणी आहे. ज्यांनी कॉलेजात प्रोग्रॅमिंग केलंय त्यांना हे भांडण नवं नाही. मोजायला शून्यापासून सुरुवात करायची की एकपासून, यावर हॉस्टेलच्या खोलीत रात्र घालवता येते. आपल्या शकाची गंमत तर आणखी वेगळी. भारतीय कालगणनेत साधारणपणे 'गत' वर्षं मोजतात, म्हणजे पूर्ण झालेली वर्षं. २०२१ च्या सुरुवातीला शके १९४२, शार्वरी नाम संवत्सर चालू होतं. शार्वरी म्हणजे रात्र. त्याआधीचं, म्हणजे महापुराचं, विकारी नाम संवत्सर होतं. ज्योतिषी मंडळींनी यावर भरपूर लिहिलं आहे, आपण नको. संवत्सरांची नावं दर ६० वर्षांनी तीच फिरून येतात, एवढंच लक्षात ठेवावं.

म्हणजे सुरुवात कुठूनही धरा, रेघ माणसानं मारलेली आहे. मग या रेघेला अर्थ काय?

अर्थ आहे, आणि त्याचा अभ्यासही झाला आहे. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये 'नव्या सुरुवातीचा परिणाम' मांडला. आठवड्याचा, महिन्याचा, वर्षाचा पहिला दिवस आला की लोक व्यायामाकडे, आहाराकडे, ठरवलेल्या कामाकडे जास्त वळतात. कारण रेघेच्या अलीकडचा 'मी' वेगळा आणि पलीकडचा वेगळा, असं मन मानतं. जुन्या चुका जुन्या खात्यात जातात. हे सोयीचं आहे, आणि थोडं धोक्याचंही. जुनं खातं न बघताच बंद केलं, तर नव्या वहीत त्याच चुका नव्या अक्षरात येतात.

मला 'डिलीट' हा शब्द खटकतो तो यासाठी. २०२० मध्ये सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सप्टेंबर महिन्यात रुग्णवाढ कळसाला होती. बेडसाठी रात्र रात्र फोन लावलेली घरं या दोन जिल्ह्यांत कमी नाहीत. आपल्या माणसाला शेवटचं नीट बघताही आलं नाही, अशीही घरं आहेत. त्यांना 'ते वर्ष विसरा' म्हणणं उद्धटपणाचं आहे. पण आयुष्यभर 'तेव्हा असं केलं असतं तर' म्हणत बसणं हा दुसरा पर्यायही परवडणारा नाही. या दोन्हींच्या मधली वाट कशी असते, ते शोधायला पुस्तक उघडायची गरज नाही. २०११ ते २०२० या दहा वर्षांत आपल्याच दोन जिल्ह्यांत काय काय घडलं, ते बघू.

एक नदी, तीन वर्षांचं अंतर

सातारा आणि सांगली ही मुळातली जवळची भावंडं. १९४९ मध्ये जो 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, त्याचंच नाव १९६० मध्ये सांगली झालं. कृष्णा महाबळेश्वरात उगम पावते, कराडला कोयनेला भेटते, हरिपूरला वारणा तिला मिळते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तिथून शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात एवढी तफावत असल्यावर 'यंदा पाऊस कसा' या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही.

११ एप्रिल २०१६ रोजी मिरज स्थानकातून एक रेल्वेगाडी निघाली. तिला १० टाक्या होत्या आणि त्यांत कृष्णेचं सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातूरला पोचली. त्या उन्हाळ्यात लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. पुढे हीच गाडी ५० टाक्यांची झाली आणि एका खेपेत २५ लाख लिटर पाणी नेऊ लागली. सांगली जिल्ह्यातले जत आणि आटपाडी तेव्हा स्वतः टँकरवर होते, तरी मिरजेहून गाडी जात राहिली. याचा अभिमान वाटावा की आटपाडीकरांच्या वतीनं राग यावा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला दोन्ही वाटतं.

तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, त्याच कृष्णेनं सांगलीला वेढा घातला. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुरात ते ५३ फुटांच्या वर गेलं होतं आणि 'यापेक्षा जास्त येणार नाही' असं लोकांनी मनात पक्कं करून ठेवलं होतं. अनेक घरांत सामान २००५ च्या खुणेच्या वर, माळ्यावर ठेवलं होतं. पाणी माळ्यावरही गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली.

त्यानंतर वर्षभर दोन्ही जिल्ह्यांत, कट्ट्यावर आणि ग्रुपवर, एकच चर्चा चालली. कोयनेतून पाणी आधी सोडलं असतं तर? अलमट्टीनं दरवाजे वेळेत उघडले असते तर? शासनानं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं मे २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात बोट अलमट्टीपेक्षा अतिवृष्टीकडे आणि नदीपात्रातल्या, पूररेषेतल्या बांधकामांकडे दाखवलं गेलं. अहवाल सगळ्यांना पटला असं नाही. पण गंमत बघा, अलमट्टीवर दोन तास बोलणारा माणूस स्वतःच्या पूररेषेतल्या गाळ्याबद्दल दोन मिनिटंही बोलत नाही. हळहळीचा हा एक मोठा दोष आहे. ती नेहमी दुसऱ्याच्या धरणाबद्दल असते.

हळहळ नेमकी कशाची उरते?

मानसशास्त्रात यावर एक जुना, पण आजही उपयोगी अभ्यास आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात दाखवलं की, जवळच्या काळात माणसाला 'केलेल्या' गोष्टींची रुखरुख जास्त वाटते. लांबच्या काळात मात्र 'न केलेल्या' गोष्टी जास्त टोचतात. चुकीचा शेअर घेतला, ही बोच महिन्याभराची. शिकायचं राहून गेलं, ही आयुष्याची.

माणचं उदाहरण यात चपखल बसतं. दुष्काळ हे या तालुक्याचं जवळपास आडनाव झालं होतं. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला चारा छावणीत माणसं जनावरांसह राहिली. 'पाऊसच नाही, त्याला कोण काय करणार' हे वाक्य तीन पिढ्यांनी वापरलेलं. आणि ते खोटंही नव्हतं.

मग २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी राज्यातले तीनच तालुके होते. वरुड, अंबाजोगाई आणि साताऱ्यातलं कोरेगाव. पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं मिळवला. दोन वर्षांनी स्पर्धेत ७५ तालुके होते आणि पहिला आला माणमधला टाकेवाडी. बक्षीस ७५ लाख रुपयांचं. भांडवली हे माणमधलंच दुसरं गाव त्याच वर्षी संयुक्त दुसरं आलं.

बक्षिसापेक्षा त्यातली कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. काम एप्रिल-मेमध्ये, ४५ दिवस. डोक्यावर ऊन, आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि गाव डोंगरउतारावर सलग समतल चर खणतंय. अनेक गावांनी स्पर्धेच्या पहिल्या रात्री १२ च्या ठोक्याला कुदळ मारली. वर्षातली ती एक मध्यरात्र कुठल्याही ३१ डिसेंबरपेक्षा जास्त गजबजलेली असायची. पाऊस पडेल याची कुणीच खात्री देत नव्हतं. पडला तर तो इथं थांबेल, एवढीच सोय करायची होती. चर किती लांब, किती खोल, त्यात किती पाणी मावेल याचा हिशेब आधी, आणि श्रमदान नंतर. आशावाद म्हणतात तो मला तरी असा मोजपट्टी घेऊन आलेला आवडतो.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही. पाणी थांबलं की बोअरवेलची गाडी येते. विहिरीला पाणी दिसलं की ऊस दिसू लागतो. ओढे सरसकट खोल करण्यावर जाणकारांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते ऐकण्याजोगे आहेत. पाण्याचा ताळेबंद मांडणारी गावं टिकली, एकदाच फोटो काढून घेणारी पुन्हा टँकरवर आली. उपसा सिंचन योजनांचंही असंच. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या योजना कृष्णेचं पाणी उचलून आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जतपर्यंत नेण्यासाठी आहेत. दोन पिढ्यांनी त्यांची वाट बघितली. पाणी आलं, आणि थकलेल्या वीजबिलासाठी पंप बंद पडले. मग बिलाचा ८१ टक्के वाटा शासनानं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, असं सूत्र ठरलं. पंप चालू ठेवायला पावतीही फाडावी लागते, हे या भागानं किंमत मोजून शिकलं.

दुष्काळानं घालवलेली माणसं

खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण या तालुक्यांत फिरलात तर माळरानावर मधूनच टोलेजंग बंगले दिसतात. कुलूप लावलेले. ते गलाई व्यावसायिकांचे. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा. दुष्काळामुळे शेतीत भागेना, म्हणून या भागातली माणसं काही पिढ्यांपूर्वी बाहेर पडली आणि आज दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत देशातल्या लहानमोठ्या शहरांत त्यांची दुकानं आहेत. पाटण आणि जावळीच्या डोंगरातली माणसं अशीच मुंबईत माथाडी कामगार झाली. विट्याच्या स्टँडवर तुम्हाला तमिळ सफाईदार बोलणारा मराठी माणूस भेटू शकतो, त्याचं कारण हेच.

२०२० मध्ये ही माणसं परत आली. ती आनंदानं आली नव्हती आणि गावांनीही काही ठिकाणी त्यांचं स्वागत केलं नाही. वेशीवर काठ्या आडव्या टाकल्या गेल्या. ज्यांच्या मनिऑर्डरीवर गावचं देऊळ उभं राहिलं, त्यांना शाळेत झोपावं लागलं. पुढे तेच लोक घराची डागडुजी करताना, पडीक जमिनीचा बांध घालताना दिसले. काही परत गेले, काही राहिले. याला 'उलटं स्थलांतर' असं नाव देऊन मोकळं होता येईल. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. कुलपं उघडली, आणि गावाच्या प्रश्नांत लक्ष घालणारी, जग बघितलेली माणसं गावात आली.

त्याच मार्चमध्ये इस्लामपूरचं नाव देशभर गाजलं. परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांना संसर्ग झाल्याचं कळलं आणि आठवड्याभरात त्यांच्याशी संबंधित रुग्णांचा आकडा २० च्या पुढे गेला. चॅनेलवाल्यांनी सांगलीचा नकाशा लाल करून टाकला. त्या परिसराची नाकेबंदी झाली, संपर्कातला माणूस न् माणूस शोधला गेला, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातले बहुतेक बरे होऊन घरी गेले. पुढे सप्टेंबरनं सगळ्यांनाच जमिनीवर आणलं, त्यामुळे 'आम्ही कोरोना हरवला' असं म्हणण्याची सोय राहिली नाही. पण यादी काढून माणूस शोधणं आपल्याला जमतं, हे तेव्हा सिद्ध झालं. लसीकरणात तीच यादी लागणार होती. २ जानेवारी २०२१ ला लसीकरणाची रंगीत तालीम झाली. राज्यात पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार हे जिल्हे त्यासाठी निवडले होते.

द्राक्षवाल्यांचं नवं वर्ष

तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागायतदाराला १ जानेवारीचं फारसं कौतुक नसतं. त्याचं वर्ष एप्रिलमध्ये खरड छाटणीनं सुरू होतं. माल उतरला की वेल पार खाली कापतात. बघणाऱ्याला बाग उजाड झाल्यासारखी वाटते. पण त्यानंतर फुटणाऱ्या काडीत, उन्हाळ्यातच, पुढच्या हंगामाचे सूक्ष्मघड तयार होतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते बाहेर येतात. म्हणजे २०२१ च्या सुरुवातीला बागेत दिसणारा घड २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीच्या ऐन भरात काडीत ठरलेला होता.

आणि त्या वेळी शेतकऱ्याची अवस्था काय होती? २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं आधीच बागा झोडपलेल्या. वाचलेला माल मार्चमध्ये काढणीला आला आणि बाजार बंद. व्यापारी येईना, ट्रक मिळेना. अनेकांनी खाण्याची द्राक्षं शेडवर टाकून बेदाणा केला. भाव पडला, पण माल वाया गेला नाही. आणि हात पोळलेले असतानाही खरड छाटणी वेळेवर उरकली. ती चुकली असती तर पुढच्या हंगामात बागेत पानंच पानं असती. ज्यांनी रागानं 'यंदा बघत नाही बागेकडं' म्हटलं, त्यांच्या काड्या पुढच्या हंगामात रिकाम्या राहिल्या.

खेळातलं उदाहरण थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. सांगलीची स्मृती मानधना २३ जुलै २०१७ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शून्यावर बाद झाली आणि भारत ९ धावांनी हरला. २०१८ ची आयसीसीची सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू तीच होती. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एखादी भारतीय महिला ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचली होती. ती दहावी आली. टँकरच्या तालुक्यातल्या मुलीनं पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारायच्या शर्यतीत नाव काढावं, यावर वेगळी टिप्पणी करायची गरज नाही.

मग आज काय करायचं?

जिम लावा, डायरी लिहा, पाणी जास्त प्या. हे सगळं तुम्हाला आज दहा ठिकाणी वाचायला मिळेल, त्यात भर घालत नाही. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये रात्री ११ नंतर संचारबंदी असल्यानं अनेकांनी ३१ डिसेंबर २०२० ची रात्र पहिल्यांदाच घरात, घरच्यांबरोबर काढली असेल. त्या गप्पांत २०१९ आणि २०२० या दोन वर्षांचा विषय निघाला असेल तर तो अर्धवट सोडू नका. पुराचं पाणी घरात कुठवर आलं होतं, ती खूण अजून भिंतीवर आहे का? रंगकामात ती पुसली गेली असेल तर पुन्हा आखून ठेवा, तारखेसह. आजारपणात कुणी मदत केली, कोणता नंबर उपयोगी पडला, कोणता विमा निरुपयोगी निघाला, हे लिहून ठेवा. हळहळ बोलण्यात राहिली की वाढत जाते. कागदावर उतरली की तिची माहिती होते.

आणि एक संधी तर तेव्हा अगदी दारात होती. राज्यातल्या १४ हजार २३४ ग्रामपंचायतींसाठी १५ जानेवारी २०२१ ला मतदान ठरलं होतं, त्यात आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली शेकडो गावं होती. अर्ज माघारीची मुदत सोमवारी, ४ तारखेला संपणार होती आणि त्याच दिवशी चिन्हं मिळणार होती. मग प्रचाराला जेमतेम दहा दिवस. निवडणूक आली की पॅनेलची गाडी गल्लीत येते, हात जोडले जातात, भाऊ-अण्णा-वहिनी म्हणून हाका मारल्या जातात.

नदीकाठच्या गावात असाल तर त्यांना विचारा, गावाला बोट आहे का, ती चालवणारे किती जण शिकलेत, आणि पाणी ४० फुटांवर आलं की म्हाताऱ्या माणसांना आधी कुठं हलवायचं हे ठरलंय का. माण-खटाव-जत-आटपाडीत असाल तर मार्चअखेर विहिरीत किती पाणी असेल आणि त्यावर कोणतं पीक घ्यायचं, याचा ताळेबंद ग्रामसभेत कधी मांडणार ते विचारा. पंचायतीच्या इमारतीवर नवा रंग कुठला देणार, हे नंतर विचारलं तरी चालेल. २०२१ ची मतमोजणी १८ जानेवारीला झाली.